पन्नास माणसांचं फाटक

११ डिसेंबर २०२१, शनिवार

स्नेहाच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी निघाली, ती मी घेतली. लिहायले मी चाळिशीत शिकली, विहारातल्या बायांच्या वर्गात. अक्षर अजून कोंबडी चालल्यासारखं पडते, पण वाचणारी मीच, तर कोणाच्या बापाचं काय जाते. घरात बोललं की भांडण होते. वहीत होत नाही.

आज सतीश सरांनी बोलावलं. ते आमच्या मंगरूळच्या कॉलेजात खेळाचे मास्तर. मी तिथंच बारा वर्षांपासून झाडू मारते, रोजीवर. सर म्हणाले, "मावशी, पोरींची बास्केटबॉलची स्पर्धा यंदा आपल्याकडं आहे. मंगळवारपासून. वरून परवानगी आली, पण पाहायले पन्नासच माणसं. फाटकावर तुमी बसायचं."

"काहून? संघपालले काय झालं?" संघपाल म्हणजे ऑफिसातला क्लार्क.

"त्याले कोणाले नाही म्हणता येत नाही."

"आन मले येते?"

"मावशी, तुमी मले रोज तोंडावर नाही म्हणता. मी त डिपार्टमेंटचा प्रमुख आहे."

नियम सांगितले. दोन डोसचा कागद पाहायचा, तोंडाले मास्क, कपाळावर ताप पाहायची बंदूक, रजिस्टरात नाव-गाव-फोन. एकावन्नावा माणूस आत दिसला किंवा कोणी आजारी निघालं, तर स्पर्धा तिथंच बंद.

बंद झालेली आमाले परवडत नाही. फायनलले विद्यापीठाचे साहेब येणार, पोरी निवडणार, निवडलेल्या पोरींचं सत्तावीस तारखेपासून अमरावतीले शिबिर. स्नेहा माही नात, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाले. मधलं दीड वर्ष या रोगानं खाल्लं, खेळ झालेच नाहीत. यंदा नाही तर मग नाही. उन्हाळ्यात तिचा बाप, म्हणजे माहा धम्मरत्न, सोयरीक पाहणार आहे. पोरगी म्हणते, विद्यापीठाकडून खेळली तर पोलीस भरतीत कोट्यात नाव लागते. मले कोटा समजत नाही. एवढं समजते की बॉल हातात असला की ती घरात कटकट करत नाही.

१४ डिसेंबर, मंगळवार

सकाळपासून अंग ठणकून राहिलं. थंडी पडली, त्यात सिमेंटच्या ओट्यावर बसायचं, दुसरं काय होणार.

पहिल्याच दिवशी अडुसष्ट माणसं फाटकावर. पन्नास घेतले, फाटकाले साखळी लावली. एक पांढऱ्या बुटावाला म्हणे, "मले ओळखलं नाही का? मी अध्यक्षाचा साळा."

"ओळखलं ना. तुमचा नंबर त्रेपन्न हाय."

"फोन लावू का दाजीले?"

"लावा. त्यायले म्हना चोपन्न नंबर रिकामा हाय."

गेला गुरगुरत. मागचे हसले. माणसाले आपल्याशिवाय दुसऱ्याले हाकललेलं लय आवडते.

ताप पाहायची बंदूक सगळ्यांच्या कपाळावर शहाण्णवच दाखवते. एका पोरानं हातातला गरम चहाचा पेला पुढं केला, त्याचेही शहाण्णव. मी रजिस्टरात शहाण्णव शहाण्णव लिहीत गेली. नाव लिहायले मले वेळ लागते, म्हणून रांग खोळंबते. खोळंबू दे. माह्या कपाळावर बंदूक कोणी लावली नाही, फाटकावालीचा ताप कोण पाहते.

खेळ मले दिसत नाही. माहं तोंड रस्त्याकडं. मागून बॉल आदळायचा आवाज येते अन् पोरींच्या किंचाळ्या. स्नेहाची टीम जिंकली असं आवाजावरून समजलं.

१५ डिसेंबर, बुधवार

अंग तसंच. डोकंही जड.

आज एक म्हातारा आला. धोतर, वर कानटोपी, मास्क हनुवटीवर. म्हणे, "बाई, मी पुंजाजी. मेडशीचा. एसटीनं आलो, दोन गाड्या बदलून. माही नात मालेगावच्या टीमकडून खेळून राह्यली."

"मास्क नाकावर घ्या. कागद?"

कागद काढला. डोस एकच.

"दुसरा?"

"त्या दिवशी सोयाबीनचं मशीन आलं वावरात. मशीन काय माहं नौकर हाय, थांबाले?"

"मंग आज काहून आले? बसायचं होतं मशीनजवळ."

"नातीनं सांगतलं, आबा, तुमी आले त मी बास्केट टाकतो."

"आन नाही आले तर?"

"काल नव्हतो, त एक टाकलं म्हन्ते. आज दोन टाकीन. तुमी आत सोडा, नाई टाकले त मले आजपासून पुंजा म्हना, जी लावू नका."

आत बत्तीसच माणसं होती. बुधवारचा बाजार, लोक तिकडं. म्हातारा दोन गाड्या बदलून आला. मी इकडंतिकडं पाहिलं अन् डोसच्या रकान्यात दोन लिहिलं. बारा वर्षांत कॉलेजात मी खोटं लिहिलं नाही, कारण कोणी लिहायले सांगितलंच नव्हतं.

खेळ सुरू व्हायले वेळ होता. तो माह्या ओट्यावर टेकला. मी थर्मासातला चहा देला. झाकण एकच, आधी मी प्याली, मग त्यानं. खोकत होता. म्हटलं, "हा खोकला?" म्हणे, "बिडीचा हाय. चाळीस वर्षांचा. माह्या बायकोपेक्षा जुना."

त्याच्या नातीनं तीन टाकले. जाताना मोठ्यानं ओरडून सांगून गेला, "जी लावा बाई, जी!"

१६ डिसेंबर, गुरुवार

आज दुकानदाराची मी बिनपाण्यानं केली. काल नवी मिसरीची पुडी आणली. सकाळी दातले लावली, ना झणका ना वास. नुसती राख. दुसरी पुडी आणली, तीही तशीच. गेली दुकानात अन् चारचौघांत पुडी त्याच्या गल्ल्यावर आपटली. म्हटलं, "काय भरलं यात? चुलीतली राख?"

तो म्हणे, "मावशी, सगळे नेऊन राह्यले, कोनाची तक्रार नाई."

"सगळ्यांची तोंडं मेली असतील. माहं जितं हाय."

त्यानं हात जोडले, पुडीचे पैसे वापस केले. जिंकून आली मी. रात्री ज्योत्स्नाच्या भाजीलेही तोंड लावलं. सुनेचं नाव ज्योत्स्ना, कापूस वेचायले जाते, दिवसभर वाकून वाकून येते अन् मग स्वयंपाक. म्हटलं, "आळणी झालं." तिनं मीठ पुढं सरकवलं. धम्मरत्न म्हणे, "माय, बराबर तर हाय." त्याले बायकोचं सगळंच बराबर लागते.

स्नेहाची टीम आज सेमीफायनल जिंकली. आता परवा फायनल. पोरगी आल्या आल्या गोधडीत माह्याजवळ घुसली, बर्फासारखे पाय माह्या पोटऱ्यांले लावले अन् म्हणे, "आजी, परवा आई येईन ना वं? तिनं मले एकदाबी खेळताना नाई पाह्यलं."

"पन्नासात बसली तर येईन."

"तू फाटकावर असून?"

"मी फाटकावर हाय म्हनूनच."

१७ डिसेंबर, शुक्रवार

आज खेळ नाही. सकाळी ज्योत्स्नानं लाल मिरची तव्यावर टाकली ठेच्यासाठी अन् करपली. धम्मरत्न खोकत अंगणात, स्नेहा डोळे पुसत अंगणात, शेजारची बाई ओरडून राहिली, काय जाळून राह्यल्या म्हणून. मी चुलीजवळ बसून होती. तशीच.

स्नेहा दारातून म्हणे, "आजी, तुले ठसका नाई?"

"ठसके तुमाले. मी जुनं हाड."

कॉलेजात गेली. फिनाईलच्या डब्याचं झाकण काढलं, नाक लावलं. काही नाही. पाण्यात अन् फिनाईलात फरक नाही. तिथंच खाली बसली.

हेमला, माही मोठी बहीण, वैशाखात गेली. तीही हेच म्हणत होती, भाकर मातीसारखी लागते. आठ दिवसांत गेली. प्लास्टिकात गुंडाळून देली, तोंड दाखवलं नाही. आसेगावहून आलेली तिची पोरं रस्त्यावर उभी राहिली.

तर राख दुकानदाराच्या पुडीत नव्हती.

दिवसभर विचार केला. सरले सांगितलं तर उद्याची फायनल बंद, साहेब येणार नाहीत, पोरी निवडणार नाहीत. सांगितलं नाही अन् फाटकावर बसली तर पन्नास माणसं माह्या समोरून जाणार. मग मधला रस्ता काढला. रोग माह्या अंगात आहे. मी फाटकावर नसली की फाटक साफ. घरातल्या तिघांले काही नाही, खाऊन पिऊन ठणठणीत आहेत. सरले फोन करवला, गुडघे धरले, उद्या येत नाही. सर म्हणाले, "मावशी, उद्याच?" म्हटलं, "गुडघ्यांले तारीख विचारली नाही."

स्नेहाले सांगितलं, तू लाथा मारते, मी ओसरीवर झोपते. तिनं पाहिलं माह्याकडं. मग माही उशी ओसरीवर नेऊन टाकली. बरं झालं. एवढी शहाणी नाही ती.

१८ डिसेंबर, शनिवार

घरात एकटी. ज्योत्स्ना कापूस सोडून, चांगलं लुगडं नेसून फायनलले गेली. धम्मरत्ननं ऑटोतून नेलं. मी दिवसभर झोपली. दोन्ही गुडघे खरंच दुखायले लागले.

ज्योत्स्ना सांजेले आली. माह्यापासून दूर, उंबऱ्यावर बसली, दमली होती. लग्नाले बावीस वर्षं झाली, एवढी कधी बोलली नाही.

"आत्याबाई, संघपालभाऊ काय फाटक सांभाळते वं! पयले पन्नास घेतले, मंग कोनी म्हने मी मामा, कोनी म्हने मी आत्या, सगळे आत. दोनशेक मानूस असन. एकमेकाच्या मांडीवर. त्या पांढऱ्या बुटावाल्यानं त खुर्ची मांगवली."

"तू कुठं बसली?"

"पुढंच. स्नेहानं हात दाखवून बसवलं."

"खेळली कशी?"

"मले काय समजते? बाकीच्या पोरी बॉल घेऊन पळते अन् ही पळता पळता मांगं पाह्यते, कोन कुठं हाय ते. मले वाटलं, हे कुठं शिकली? घरात त हिले समोरचा तांब्या दिसत नाई." मग थांबली. "पन शेवटी बसली हो. मधातच. खाली बसली, गुडघ्यात डोकं. सरनं पानी देलं, उठली, वापस खेळली, पन पाय गळाले होते तिचे. तीन पॉईंटानं हारलो."

कोणाशी हरलो विचारलं. मालेगावशी.

सकाळी पोरीनं नुसता चहा घेतला होता. उपाशी पोटी पळायले लावते कोण? मी असती तर भाकर खाऊ घालून पाठवली असती.

पण साहेबानं नाव लिहून नेलं. सर स्वतः सांगून गेले ज्योत्स्नाले, स्नेहा शिबिराले पक्की. तिच्याच टीममधल्या रूपलाचं नाव राखीव.

१९ डिसेंबर, रविवार

मी बरी आहे. तोंडाले चव नाही, बाकी ठीक. काम झालं. कोणाले काही झालं नाही.

स्नेहा दिवसभर झोपली. खेळून थकली.

२१ डिसेंबर, मंगळवार

सकाळी स्नेहानं चहाचा कप खाली ठेवला अन् आईले म्हणे, "साखर काहून नाई टाकली?" ज्योत्स्नानं त्यातला घोट घेतला. "दोन चमचे हाय, बाई."

मी ओसरीवरून पाहत होती. स्नेहानं कप उचलला अन् वास घेतला. मग कपाकडं नाही, माह्याकडं पाहिलं.

ज्योत्स्ना कामावर गेल्यावर ती ओसरीवर आली.

"आजी, तुले कधीपासून हाय?"

"काय?"

"आजी."

"चवदापासून असन. समजलं सतराले. तुले?"

"फायनलच्या सकाळी ताप होता. गोळी खाल्ली अन् गेली."

"आन मले सांगतलं नाई?"

"तू मले सांगतलं?"

मी तिच्यापासून लपवून ओसरीवर झोपली अन् ती माह्यापासून लपवून गोळी खाऊन पळाली. एकाच फायनलसाठी दोघी खोटं बोललो. तीन रात्री एका गोधडीत झोपलो, तेव्हाच जे व्हायचं ते झालं होतं, अन् मी सतराले फाटक साफ केलं! माह्यासारखी गाढवी या तालुक्यात नाही.

"सहा दिवस चूप राह्य आजी. सत्तावीसपर्यंत उतरते. कोनाले तरास होऊन राह्यला? मी घरातच बसतो. कोनालेच भेटत नाई."

"अमरावतीले चाळीस पोरी एका हॉलात झोपतीन."

"तवापर्यंत उतरते ना!"

"तुले कोन सांगतलं? डॉक्टर हाय तू?"

"तू हाय?"

मग रडली. मी रडणाऱ्या माणसाजवळ बसत नाही, मले सुधरत नाही. पण उठलीही नाही. मी कबूल केलं. चूप राहीन म्हटलं.

२२ डिसेंबर, बुधवार

दुपारी सरांचा फोन. धम्मरत्नच्या फोनवर आला, त्यानं मले देला.

"मावशी, गुडघे कसे आहेत? एक विचारायचं होतं. मालेगावच्या टीमची एक पोरगी, मेडशीची, तिचे आजोबा वाशीमले भरती आहेत. न्यूमोनिया म्हणतात. ते पंधरा तारखेले आपल्याकडं आले होते. घरचे विचारत होते, तुमच्याकडं कोणी आजारी होतं का."

"तुमी काय सांगितलं?"

"सांगितलं, कोणी नाही. आपलं रजिस्टर साफ आहे. दोन डोस, ताप शहाण्णव, तुमच्या हातचं लिहिलेलं आहे." मग हळूच, "कोणी नव्हतं ना, मावशी?"

मी फोन ठेवला. म्हणजे बटण दाबता येत नाही, धम्मरत्नच्या हातात देला अन् मेडशीच्या म्हाताऱ्याचं सांगितलं. स्नेहा दारातून ऐकत होती.

म्हाताऱ्याले एकच डोस आहे. तिथं डॉक्टर दोन समजून बसले असतील, कारण मी दोन लिहिले अन् सरांनी तेच सांगितलं. चहा माह्या झाकणातून प्याला.

चार वाजता लुगडं बदललं. स्नेहानं दारात अडवलं.

"कुठं चालली?"

"सरकारी दवाखान्यात."

"तू काल कबूल केलं होतं!"

"केलं होतं."

"मंग?"

"मंग काय. आज बदललं."

"त्या म्हाताऱ्यासाठी? जिंकले ना ते! त्याची नात बी निवडली. ती जाईन अन् मी..." दारातून सरकली नाही, म्हणून मी तिच्या हाताखालून वाकून गेली. मागून ती ओरडली, "तू माही कोनी नाई आजपासून!"

धम्मरत्नच्या ऑटोत मी एकटी मागं बसली, तो पुढं. उतरताना म्हणे, "माय, सोयरीक मी उन्हाळ्यातच पाह्यनार होतो, पोरगी निवडली म्हनून मी परवाच आसेगावच्या पाहुन्यायले नाई म्हनलं. एक साल थांबू म्हनलं."

हे मले आधी सांगितलं असतं तरी मी उतरलीच असती. पण उतरता उतरता ऐकलं नसतं, तर इतकं जड गेलं नसतं.

नाकात काडी घातली. पंधरा मिनिटांत रोग निघाला. मग घरून दोघींले बोलावून तिघांची तपासणी. स्नेहाची निघाली, ज्योत्स्नाचीही. धम्मरत्न कोरा. तो कोरा काहून, देवाले माहीत, तो मानत नाही तरी.

२३ डिसेंबर, गुरुवार

घराच्या दारावर कागद चिकटवला. वस्तीत आरोग्याचं काम पाहणारी आशाताई, सपना, आली, अंगणात खुर्ची टाकून बसली. लिहायचे कागद आणले होते.

त्याच्या आधी सरांचा फोन. आवाज पडलेला. "मावशी, जे झालं ते झालं. फक्त तारीख वीस सांगा. वीसपासून वाटलं म्हणा. स्पर्धेनंतरची. नाहीतर माही नोकरी, कॉलेजचं नाव, पुढची परवानगी, सगळं जाईल. तुमच्या पोरीचंही नाव खराब होईल."

वाईट माणूस नाही सर. पोरींले चालवत घरी सोडायले जातात, स्वतःच्या पैशानं केळी आणतात. फायनलले दोनशे माणसं संघपालनं घेतली, ते त्यांच्या डोक्यावर येईल. मी म्हटलं, "विचार करते." विचार केला नाही. थकली होती.

सपना म्हणे, "मावशी, लक्षणं कोनत्या तारखेपासून?"

"चवदा."

"नक्की? वय झालं, तारखा मागंपुढं होतात."

"चवदा, मंगळवार. अंग दुखत होतं. पंधराले मेडशीच्या पुंजाजीले माह्या झाकणातून चहा देला. त्याले एक डोस हाय, रजिस्टरात दोन लिवले ते मी लिवले. हे पयले वाशीमले कळव. मंग बाकीचं लिव."

तिनं पेन थांबवला. माह्याकडं पाहिलं. मग फोन काढून अंगणाच्या कोपऱ्यात गेली, मोठ्यानं बोलली, वाशीमच्या कोणाशी. आली अन् म्हणे, "आता बाकीचे."

तीन दिवसांचं रजिस्टर कॉलेजात होतं, तिथून आणवलं. माह्याच अक्षरात दीडशेच्या जवळ नावं. फायनलच्या रजिस्टरात पन्नास नावं, पुढं संघपालची सही. उरलेले दीडशे कोण, कोणाले माहीत नाही. ज्योत्स्नाले आठवतील तेवढे ती खिडकीतून सांगत गेली: पांढऱ्या बुटावाला, रूपलाची आई, दोन मास्तर. सांजेपर्यंत फोन चालले. काही जण शिव्या देत होते, सपनाच्या फोनमधून मले ऐकू येत होत्या. एक बाई म्हणे, "ती फाटकावाली भवानी? मले मास्क नाकावर घे म्हने अन् सोता रोग घेऊन बसली व्हय!"

बरोबर बोलली.

रात्री सरांचा निरोप आला. उद्यापासून कामावर येऊ नका. कागद चिकटला आहे दारावर, तसंही कशी गेली असती.

२६ डिसेंबर, रविवार

तीन दिवस एकाच खोलीत तिघी. स्नेहा भिंतीकडं तोंड करून असते. मले विचारत नाही, आईमार्फत विचारते. "आई, आजीले विचार कंगवा कुठं हाय." कंगवा माह्या हातात.

कॉलेजनं फलक लावला, धम्मरत्ननं सांगितलं: यापुढं सर्व खेळ प्रेक्षकांविना.

पुंजाजीच्या घरचा नंबर सपनाकडून घेतला. त्याच्या नातीनं उचलला.

"मी मंगरूळची. फाटकावाली."

"हो आजी! आबा तुमचं सांगत होते. बाई भली आहे म्हणे, जी लावून बोलते."

"कसे हायत?"

"ऑक्सिजन लावला आहे. बोलत नाहीत. डोळे उघडतात. काल डॉक्टरनं औषध बदललं, म्हणे तुमच्याकडून कळलं डोस एकच आहे."

मले वाटलं, सपनानं सगळं सांगितलं असेल. नव्हतं. म्हणून मी सांगितलं. ताप माह्या अंगात होता, चहा मी देला, आत मी सोडलं, खोटं मी लिहिलं.

मागं कोणीतरी भांडी घासत होतं. मग म्हणे, "ठीक आहे आजी," अन् फोन ठेवला. ठीक नाही हे मलेही समजते, तिलेही.

ती शिबिराले जात नाही. आजोबाजवळ थांबली.

२७ डिसेंबर, सोमवार

शिबिराची गाडी नऊची. आठ वाजता रूपला आमच्या अंगणात, कागद लावलेल्या दारापासून दहा हात दूर. तपासणीत ती कोरी निघाली, म्हणून स्नेहाच्या जागी ती चालली. रडवेली.

"स्नेहा, सर म्हन्ते बुटाशिवाय घेनार नाई. माहे फायनलले फाटले. पप्पा म्हने पुढच्या महिन्यात घेऊ."

स्नेहा भिंतीकडं तोंड करून होती. ज्योत्स्ना माह्याकडं पाहायले लागली, जसं काही मीच बूट शिवते. 

थोड्या वेळानं पोरगी उठली. खाटेखालून बूट काढले. साबणाचं पाणी मागितलं, आईले नाही, मले. "आजी, बादली." तळवे घासले, आतून घासले, दोन्ही नाड्या काढून वेगळ्या धुतल्या. मोरीवर उन्हात उभे केले. गाडी नऊची, बूट कशाले वाळतात. चूल पेटली होती, मग चुलीपुढं धरून बसली, उलटे सुलटे करत. डोळ्यांत धूर गेला असेल.

साडेआठले धम्मरत्ननं काठीवर अडकवून अंगणाच्या मधात नेऊन ठेवले. रूपलानं उचलले.

"डाव्या पायाचा अंगठ्याजवळ चावते," स्नेहा खिडकीतून म्हणाली. "दोन मोजे घाल."

"बरं."

"आन रिबाऊंडले, बॉल उलटून आला की, उभी राहून पाहू नको, अंग घाल. सर ओरडतीन त ओरडू दे."

"बरं."

"न धुता वापस आनले त मी घेनार नाई."

रूपला पळाली. ओले बूट हातात, चपला फटफटत. ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत स्नेहा खिडकीत होती. मग खाली बसली, माह्या खाटेले टेकून. टेकली म्हणजे जागाच तेवढी आहे खोलीत, बाकी काही नाही.

म्हणे, "आजी, मले भूक लागली."

मी उठली. पीठ मळायले घेतलं.